वेल, कुंडीसकट

प्रिय गोपाळ,

सदाशिव पेठेतल्या तुझ्या खोलीत तू सात मात्रांचं रॉक वाजवायचास आणि मी बोटांवर मोजत त्यासाठी मराठी ओळी लिहायचे. नव्व्याण्णवचं शेवटचं गाणं वाचून तू हसलास, "‘माझा सारा वेल तुझाच’? अगं, कुंडीसकट?"

मीही हसले. तू तसंच गायलास आणि महिन्याभरात नोकरीसाठी अमेरिकेला गेलास.

मला ‘वेळ’ लिहायचं होतं रे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलीला ‘ळ’ कुठला जमायला! पण चूक सांगायचा धीर झाला नाही.

परवा माझं ऑपरेशन आहे. हे पत्र टाकणार नाही, वहीतच ठेवते. वही भाचीला, ऋचाला. जाईचा वेल शेजारच्या आनंदीबाईंना, कुंडीसकट. तुला फक्त तो राहिलेला ‘ळ’.

तुझी,
मृणाल