उडालेली रम

लेकीच्या आईस, इथून पोतंभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. दिवसभर रमच्या वासात असतो, पण थेंबालाही शिवत नाही, तुझी शप्पथ. सदऱ्याला मात्र असा वास मारतो की तू मला उंबऱ्याबाहेरच आंघोळ घातली असतीस. तुझी कंबर कशी आहे? जड हंडे उचलू नकोस.

लेक पाळण्यात होती, तेव्हा इथे येऊन मी पहिलं लाकडी पिंप भरलं आणि त्यावर खडूने तिचं नाव लिहिलं. "हे विकलं की तुझी उचल फिटली, मग तुला घरी सोडतो," असं मालक म्हणाला होता. ते पिंप परवा उघडलं. आत निम्मीसुद्धा रम नव्हती. कुणी चोरली नाही गं, गोदामाच्या उकाड्यात ती लाकडातून उडूनच जाते. अशी उरलीसुरली रम इथे दुसऱ्या, नुकत्याच मुरायला ठेवलेल्या कोवळ्या पिंपात ओततात. मीच ओतली.

मालक म्हणाला, "आता ते उघडेपर्यंत थांब." मी मान डोलावली. भांडून जाणार कुठे? मुकादमाने नव्या पिंपावर नाव लिहायला खडू पुढे केला. मी घेतला नाही.

लेक प्रत्येक पत्रात विचारते, "बाबा, पिंप उघडलं का?" तिला यातलं काही बोलू नकोस. अजून मुरतंय म्हणून सांग.

तुझाच,
लेकीचा बाबा