टोपलीतली अंडी

प्रिय दिम्यानाताई,

तू पाठवलेली अंडी पोचली. पण ती माळ्यावर आहेत. सासूनं ईस्टरसाठी ठेवलीत.

माझी फीबी एकसष्ट दिवसांची झाली. रडते, पण आवाज येत नाही. छातीला लावली की चार वेळा ओढते, मग माझ्या तोंडाकडं बघत बसते. दूध नाहीच गं. ईस्टरआधीचा मोठा उपास चाललाय ना. दुपार उलटेपर्यंत पाणीसुद्धा नाही, मग उकडलेले वाल आणि भाकर. सासू म्हणाली, चर्चच्या अबूनांनी सूट दिली नाही. मुलगी झाली म्हणून ऐंशी दिवस मला चर्चची पायरी चढता येत नाही, मग त्या पाद्रीबाबांना विचारणार कुठं? नवरा हानी कुवेतला, आणि फोन सासूच्या कमरेला.

ही बाई रोज शंभर दंडवत घालते. तिचे गुडघे बघितलेस तर उंटाचे वाटतील. रविवारी दारात गरिबांना भाकऱ्या वाटते, सगळी गल्ली तिला दुवा देते. आणि मी चुलीजवळ बसले की म्हणते, वास घेऊ नकोस, उपास मोडेल.

तुझ्या नवऱ्याचंही सांगते, राग मानू नकोस. वजीहभाऊजी टोपली घेऊन आले, त्यांच्यासमोरच सासूनं ती माळ्यावर ठेवली. मग दोघं तासभर भांडले. भाऊजी म्हणतात, उपासानं कुणी तरत नाही, मावशी, नुसता विश्वास लागतो. ती म्हणते, तुमच्या पंथाचं बरंय बाबा, मानलं की झालं, पोटाला चिमटा नको. भाऊजी म्हणतात, तुम्ही देवाला उपाशी दिवस विकता. मधे फीबी पडलेली. एकानंही वाकून बघितलं नाही. शेवटी भाऊजींनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. इस्तीर, विश्वास ठेव, तो पुरवतो, म्हणाले. दोन ग्लास गोड चहा प्याले आणि गेले. एक अंडं हिला उकडून द्या, एवढं तोंडातून निघालं नाही. मला दोघांची किळस आली, ताई.

माझी मलाही किळस येते. एकदा मी माळ्यावर चढले होते. अंडं हातात घेतलं आणि परत ठेवलं. वाटलं, मी खाल्लं तर पोरीला काहीतरी होईल. असा माझा विश्वास.

काल अबूना धूप फिरवायला आले. फीबीला बघून धुपाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, हिची आई जेवते काय? सासू म्हणाली, उपास आहे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, अगं बाई, सातव्या दिवशी परातीत बाळाला न्हाऊ घातलं तेव्हाच दारात तुला सांगितलं होतं, अंगावर पाजणारीला उपास नाही. आज हिला दूध-अंडी दे. सासूनं मान हलवली. ते वळले तशी माझा दंड धरून म्हणाली, संताला नवस बोललेय, सुनेचा उपास पुरा झाला तर पुढल्या खेपेला नातू. पंधरा दिवस राहिलेत, मरत नाहीस तू.

मी मरणार नाही. ही मरेल. माझ्या भुकेवर हिला नातू हवाय.

देवावर माझा विश्वास नाही असं नाही. अजून रात्रंदिवस त्यालाच हाक मारते. पण त्याच्या नावानं बोलणाऱ्यांनी आता गप्प बसावं.

हे पत्र मायक्रोबसवाल्या रिझ्कच्या हाती देतेय. उद्या पहाटे सासू चर्चला गेली की त्याच गाडीनं मी येतेय, फीबीला घेऊन. तिचा बाप्तिस्मा व्हायचाय, माझे ऐंशी दिवस भरायचेत, हानी काय म्हणेल माहीत नाही. ताई, तुझा मुलगा पाच महिन्यांचा आहे, तुला दूध भरपूर आहे. भाऊजींना सांग, मी येईन त्या वेळी प्रार्थनेला बसू नका, दार उघडायला उभे राहा. मी आले की काही विचारू नकोस. आधी हिला पदराखाली घे.

तुझीच धाकटी,
इस्तीर