आधी कुणी सुरू केलं?

ती. दादा,

लांबूनच पाया पडते.

पहिली तक्रार इथल्या आंतरराष्ट्रीय कोर्टातल्या हेडफोनची. उजवा कान इतका दाबतो, की एक दिवस कानच कोर्टात जमा करावा लागेल. बाकी जेवणखाण वेळेवर आहे, काळजी करू नकोस.

काल निकाल लागला. युद्ध कुणी सुरू केलं, याबद्दल न्यायाधीशांनाही शंका नव्हती. पण त्या देशाने या कोर्टाच्या करारावर सहीच केलेली नाही, म्हणून त्याच्या पुढाऱ्यांवर हा खटला चालत नाही म्हणे. चोराने आधी लेखी संमती दिली, तरच चोरी!

आम्ही दुभाषे बोलणाऱ्याचं बोलणं आपलंच असल्यासारखं बोलतो. त्यामुळे दोन मुलगे गमावलेल्या बाईच्या कानात माझाच आवाज गेला, "आम्हाला अधिकार नाही." बाहेर तिने मला गाठलं. "अगं, मग कुणाला आहे?"

वहिनीचा गुडघा कसा आहे?

आणि एक. लहानपणी बाबांनी "आधी कुणी मारलं?" विचारलं, तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवलं. छड्या तू खाल्ल्यास. तिथे अधिकार पुरेपूर होता, साक्षच खोटी होती. आधी मी मारलं होतं, दादा.

हे पत्र घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझी धाकटी