खिडकीतला पाव

२४ सप्टेंबर

पडलं एकदाचं माझ्याच गळ्यात! शाळेतला पावाचा सण दरवर्षी रुझित्सा बघायची. ती उन्हाळ्यात नवऱ्यामागे आयर्लंडला निघून गेली. आज पालकसभेत बाईंनी विचारलं, "यंदा तिसरीचं टेबल कोण सांभाळणार?" सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये माना घातल्या. माझीच मान तेवढी वर होती.

मग काय, मीही अंगात आल्यासारखी बोलले. गेल्या वर्षी अर्धं टेबल सुपरमार्केटच्या पावांनी भरलं होतं, प्लास्टिकसकट! फादरांनी आशीर्वाद कशाला द्यायचा, प्लास्टिकला? म्हटलं, यंदा नियम – विकतचा एकही पाव टेबलावर येणार नाही. ज्याने त्याने आपल्या घरी भाजायचा. "आपल्या आज्या काय दुकानातून आणायच्या?" असंही वर म्हणाले. टाळ्या पडल्या. बऱ्या वाटल्या, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर क्रेशो म्हणतो, "आणि आपल्याकडचा कोण भाजणार?" म्हटलं, तुझ्या आई आहेत की! तो हसत सुटला. हसू दे. घर एकच ना? मग हात कुणाचे का असेनात.

१ ऑक्टोबर

सासूबाई पडल्या. अक्रोड वेचत होत्या, ओल्या सालांवरून पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटलात त्या कण्हत होत्या आणि माझ्या डोक्यात काय आलं? पाव! शी. मेली कसली मी.

५ ऑक्टोबर

पहिला प्रयोग. सासूबाई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून खुर्चीतून हुकूम सोडत होत्या. "मळ नीट! मांजर कुरवाळतेयस का?" मळलं. हात गळून आले. ओव्हनमधून निघाला तो दगड. क्रेशोने टेबलावर आपटून आवाज ऐकवला. कोंबड्यांना घातला तर त्यांनीही चोच मारून सोडून दिला.

आमची टोंका हल्ली शाळा सुटली की आर्ताकडेच असते. आर्ता म्हणजे बेकरीवाल्या बेसिमची मुलगी, टोंकाच्याच वर्गात आहे. मार्चमध्ये आले हे लोक इथे, कोसोवोचे अल्बेनियन. टोंका घरी येते ती बाह्यांना पीठ लावून. काय चाललंय विचारलं तर म्हणे, "गुपित आहे!"

९ ऑक्टोबर

दुसराही गेला. खाली जळका, आत कच्चा. रडायचीही सोय नाही – नियम केला कुणी?

१३ ऑक्टोबर

काय करून बसले मी आज.

क्रमाने लिहिते. पहाटे उठून पातेल्यावरचं फडकं काढलं. पीठ फुगलंच नव्हतं. भाकरीसारखं तळाशी बसलेलं. मी तशीच नाइटीवर कोट चढवला आणि बेसिमच्या बेकरीच्या मागच्या दाराशी गेले. कोपऱ्यावर एक गाडी दिवे मालवून उभी होती. आत कुणीतरी होतं. माझा जीव अर्धा झाला! स्कार्फ नाकापर्यंत ओढून आत घुसले.

"बेसिम, एक मोठा गोल दे. बेकरीची पिशवी नको, साध्या कागदात गुंडाळ."

"शाळेसाठी का वहिनी?"

"छे छे! पाहुणे आलेत."

"पाहुणे," तो म्हणाला. हसला नाही. फळीवरून एक पाव काढून दिला, काठाला वेणी, मधोमध कात्रीने कातरलेली गव्हाची लोंबी. "हा आवडेल पाहुण्यांना."

घरी येऊन तो सासूबाईंच्या भरतकामाच्या कापडात बांधला. टोंका दारात उभी. तिने कोंबड्यांच्या बादलीतलं पीठ पाहिलं, मग कापडाकडे पाहिलं. "आई, हा तर–" "गाडीत बस," म्हटलं मी.

शाळेत टेबल सुरेख सजलं होतं. भोपळे, कणसं, द्राक्षं, आणि झाकलेल्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बाया. प्रत्येकीचा पाव मी स्वतः मांडत होते. वाहवा करत होते. मालकीणच जशी!

मग आर्ता आली. एकटीच, केसांना पांढरी रिबीन. तिच्या टोपलीत एक छोटा पाव होता, पक्ष्याच्या आकाराचा. थोडा वाकडा. एक पंख करपलेला. अगं बाई, बेकरीतला पाव कधी वाकडा असतो का? पण मी पावाकडे बघितलंच नाही. पोर कुणाची ते बघितलं.

"आर्ता बाळा, नियम सगळ्यांना सारखा. बेकरीतला नाही चालणार हं."

"काकू, हा–"

"तुझ्या बाबांचे पाव छानच असतात गं, पण आज घरचे. आणि तुमच्यात हे फादरांच्या आशीर्वादाचं वगैरे नसतंच ना? मग वाईट नाही वाटून घ्यायचं."

असं म्हणाले! सगळ्यांच्या देखत, तोंडभर हसून. आणि टोपली उचलून खिडकीत ठेवून दिली, मुलांच्या कोटांमागे.

आर्ताने टेबलाकडे पाहिलं. माझ्या पावावर तिची नजर थांबली. ती लोंबी तिने ओळखली. रोज बघते ना ती बापाला कातरताना. मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून आपल्या जागेवर जाऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

फादर आले, पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली. माझ्या पावाशी थांबले. "वा! हा कुणाच्या हातचा?" "दुब्रावकाच्या!" सगळ्या एकसुरात. तेवढ्यात दारात बेसिम – मुलांसाठी गरम गोड बनांचा ट्रे घेऊन आला होता, शाळेला भेट म्हणून. त्याने पाव पाहिला. ट्रे खुर्चीवर ठेवला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

आणि मी हसले. मान डोलावून हसले!

संध्याकाळी टोंका फुटली. "तो पाव आर्ताने केला होता! एकटीने! त्यांच्या वरच्या घरात, तिच्या आईच्या ओव्हनमध्ये. काकूंनी हातसुद्धा लावला नाही. आम्ही किती दिवस शिकत होतो. डोळे मी लावले होते, लवंगांचे. मी!" म्हटलं, मला काय माहीत बाळा, मला वाटलं त्यांच्यात तसंही… "काय त्यांच्यात? आर्ता धर्माच्या तासाला माझ्याच बाकावर बसते. मे महिन्यात चर्चमध्ये आमचं दोघींचं पहिलं कम्युनियन आहे. तू कधी विचारलंस तरी का?"

नाही विचारलं. अल्बेनियन म्हणजे मुसलमान, एवढं धरून बसले होते. आणि असते मुसलमान, तर काय पोरीचा पाव खिडकीत ठेवायचा होता?

१४ ऑक्टोबर

टोंका बोलत नाही. बोलते फक्त आजीशी.

२० ऑक्टोबर

पाव आणायला शेजारच्या गावी जाते आहे. पेट्रोल जाळून! क्रेशो म्हणाला, "आपली बेकरी बंद पडली का?" सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिला त्यांचा पाव आता पचत नाही." म्हणजे त्यांना कळलंय. त्यांच्या कापडाला दुसऱ्या भट्टीचा वास येतो म्हणाल्या. पुढे काहीच बोलल्या नाहीत. सासू असून बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजावं.

रोज ठरवते, आज जाईन आणि माफी मागेन. रोज बेकरीसमोरून गाडी पुढे जाते. सांगायचं तर अख्ख्या गावाला कळणार. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते मी, लोक मला विचारून गोळ्या घेतात. उद्या म्हणतील, ही पावाचं खोटं बोलते, औषधाचं खरं कशावरून बोलत असेल?

आर्ता आता टोंकाशेजारी बसत नाही. बाईंना सांगून तिने बाक बदलून घेतला. टोंकाने जेवताना सांगितलं. मला नाही, आजीला.

२५ ऑक्टोबर

मेले! बाईंचा फोन. शाळेने माझा पाव निवडला. नोव्हेंबरात जिल्ह्याच्या गावी सगळ्या शाळांचं प्रदर्शन आहे, तिथे आमच्या शाळेतर्फे मी! "आणि दुब्रावका, तिथे सगळ्यांसमोर मळून दाखवायचं असतं हं, फार मजा येते."

मजा.

२८ ऑक्टोबर

ताप आला असं सांगू का? सासूबाईंची तब्येत? मनगट मोडलंय म्हणायचं तर ते त्यांचं मोडलंय. क्रेशोला शेवटी सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "पोरीचं काय करणार आहेस ते सांग. पाव गेला खड्ड्यात."

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. आम्ही सगळे दफनभूमीत, सासऱ्यांच्या कबरीवर शेवंती, मेणबत्त्या. ज्यांची माणसं दूर कुठे पुरली आहेत ते मधल्या मोठ्या क्रुसाशी मेणबत्त्या लावतात. तिथे बेसिम, त्याची बायको लिरिये आणि आर्ता उभे होते. काळे कोट, छातीवर क्रुसाची खूण करत होते. यांच्या कबरी तिकडे कोसोवोत. इतके महिने इथे आहेत, रविवारी चर्चमध्ये पहाटेच्या मिसाला येत असतील, भट्टी पेटवायच्या आधी किंवा नंतर. मी कधी पाहिलंच नाही, कारण मी जाते दहाच्या मिसाला, नवा कोट दाखवायला.

टोंका माझा हात सोडून तिकडे गेली. आर्ताशेजारी उभी राहिली. आर्ता एक पाऊल बाजूला सरकली. टोंका तिथेच उभी, हातात विझलेली मेणबत्ती.

जायला हवं होतं मी. दोन कबरींइतकं अंतर. त्याऐवजी संगमरवर पुसत बसले. स्वच्छ होता तो, मघाशीच पुसला होता.

उद्या नाही तर कधीच नाही.

४ नोव्हेंबर

सांगून टाकलं!

पालकसभा होती. बाईंनी प्रदर्शनाचा विषय काढला. सगळ्या माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होत्या. मागच्या बाकावर लिरिये, पहिल्यांदाच सभेला आलेली, कोटसुद्धा न काढता बसली होती. मी उठले. म्हटलं, "तो पाव माझा नव्हता. बेसिमचा होता. पहाटे मागच्या दाराने आणला. आणि आर्ताचा पाव मी बेकरीतला म्हणून काढून ठेवला, तो तिने घरी केला होता."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग पुढच्या बाकावरची स्न्येझाना म्हणाली, "थांब, थांब. गोल पाव ना? म्हणूनच बेसिम मला म्हणाला, गोल एक गेलाय वहिनी, तुम्ही वेणीचा घ्या!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "अगं, मला मक्याचा दिला." "मला तिळाचा." "दुब्रावका, ती दिवे मालवलेली गाडी माझी होती! तू कधी टळतेस याची वाट बघत होते." म्हाताऱ्या रेझाआजी, ज्यांच्या पावाला मी त्या दिवशी सगळ्यात जास्त वाहवा केली, त्या म्हणाल्या, "हातात जोर राहिलाय का गं आता? मीपण त्याच्याचकडून." आता मात्र सगळी सभा हसायला लागली. पोटं धरून! बिचाऱ्या बेसिमने एकीला दिला तसला पाव दुसरीला दिला नव्हता, कुणी पकडली जाऊ नये म्हणून. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. काय सुटल्यासारखं वाटलं!

बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, मग त्या टेबलावर घरचा पाव होता तरी का एखादा?"

"टेबलावर नव्हता," मागून लिरिये म्हणाली. "खिडकीत होता."

हसू तिथल्या तिथे विरलं. लिरियेने पर्स उचलली, सगळ्यांना शुभरात्री म्हणाली आणि गेली. 

नंतर सगळ्यांनी एकमताने ठरवलं – जिल्ह्याला आर्ताच जाईल, तिचा पक्षीच जाईल. बाईंना फार आवडलं. उद्या मीच जाऊन सांगते म्हटलं. माफी मागायची आणि ही बातमीही द्यायची. टोंकाला आल्या आल्या सांगितलं. इतक्या दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, म्हणाली, "मी पण येते." निदान शेवट तरी गोड होईल.

५ नोव्हेंबर

गेलो दोघी. पक्षी आता बेकरीत आहे, गल्ल्यामागच्या फळीवर, वाळून कडक झालेला, लवंगांच्या डोळ्यांचा. बेसिमची माफी मागितली, लिरियेची मागितली, मग आर्तासमोर उकिडवी बसून तिची मागितली. म्हटलं, सगळ्यांनी ठरवलंय, जिल्ह्याला तुझाच पक्षी न्यायचा. देशील ना?

आर्ता शहाण्या पोरीसारखी म्हणाली, "तो घरचा आहे काकू. दुकानातलं काय हवं ते घ्या."

टोंका माझा हात सोडून काउंटरच्या पलीकडे गेली, तिच्याजवळ. या वेळी आर्ता सरकली नाही. मी एक गोल पाव घेतला आणि घरी आले. एकटीच.