उजव्या हाताचं काम

दि. ४ जुलै

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर यांच्याविषयी बोललं की यांना ऐकू जातं आणि चेहरा पडतो, म्हणून हे पत्र. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर हे दवाखान्यातून घरी आले, भिंत धरून चालतातही. पण उजवा हात लुळाच आहे आणि तोंडात एकच शब्द उरलाय, ‘नाही’. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही.

माझी ती सवत, म्हणजे यांचा नवा कॉम्प्युटर, जेवणाच्या टेबलावर अर्धवट जोडलेला तसाच आहे. दिवसभर त्याच्यासमोर बसून असतात. काल डाव्या हाताने स्क्रू लावायला गेले, तो मदरबोर्डखाली घरंगळला. मी काढायला गेले तर ओरडले. वर कापड टाकलं तरी ओरडतात. मला काही म्हणजे काही सुचत नाही गं.

तुझी,
वहिनी

दि. १५ जुलै

ती. वहिनीस,
सा. न.

सासूबाई कंबर मोडून अंथरुणावर आहेत, मला उंबरठा ओलांडता येत नाही. इथे बसून नुसता जीव टांगणीला. दादाने लग्नाआधी घरी जोडलेल्या पहिल्या कॉम्प्युटरचे पंखे असे घोंघावायचे, की आई म्हणायची, विमान उतरलं वाटतं. तो मात्र लहान मुलासारखा बघत बसायचा.

म्हणून एक केलंय. त्याच्या नेहमीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या कारागिराला फोन केला. रविवारी येऊन सगळं जोडून देईल. बघ, दादा खुलेल.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

दि. २३ जुलै

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद.

कारागीर आला. फार सज्जन माणूस. बघता बघता रॅम, ग्राफिक्स कार्ड, वायरी, सगळं जागच्या जागी. हे शेजारी बसून बघत होते. पंखे फिरले, निळे दिवे लागले. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. यांनी हात लांब करून बटण बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून रडले. इतक्या वर्षांत यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून दोन घास खाऊन उठतात.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मलाही तेच बरं वाटलं होतं.

तुझी,
वहिनी

दि. ३० जुलै

ती. वहिनीस,
सा. न.

लावून कसं घेऊ नको? उरलंसुरलं कामही मीच त्याच्या हातून काढून घेतलं. आता काय करायचं ते तूच सांग. मला इथून काहीच करता येत नाही.

तुझी,
धाकटी

दि. ९ ऑगस्ट

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा मी प्लग काढला आणि यांच्यासमोर सगळं सुटं केलं. यांनी अडवलं नाही. मग एकेक तुकडा उचलून विचारत गेले, हे कुठे? रॅमची पट्टी उलटी धरली तर ‘नाही’ म्हणून असे डाफरले! नीट बसली तेव्हाही ‘नाही’च, पण हळू. दोन्हींतला फरक मला आता कळतो.

कॉम्प्युटर मात्र चालू होत नाही. पंखा जरासा हलतो नि थांबतो. कुठे चुकलं ते यांना दिसतंय असं वाटतं, पण सांगता येत नाही. बोट दर वेळी वेगळीकडेच जातं, मग चिडतात, मग मीही चिडते.

काल डॉक्टर म्हणाले, हात आता एवढाच. वाचेचंही फारसं खरं नाही. यांच्यासमोरच म्हणाले. घरी आल्यावर पडून राहतील असं मला वाटलं. हे थेट टेबलाशी जाऊन बसले. स्क्रूड्रायव्हर डाव्या हाताने उचलला आणि माझ्यापुढे धरला.

मला यातलं काही येत नाही, धाकटे. पण घेतला.

तुझ्या सासूबाईंना जप. आमच्यावर जीव आहे तसा असू दे.

तुझी,
वहिनी