उत्तरेचा प्रवाह

३ फेब्रुवारी, सोमवार

सहा मैल! बोया राहिला दक्षिणेला आणि मी लाँच घेऊन सहा मैल वर उत्तरेला!

परीक्षा साधी होती. नदीच्या तोंडापासून थेट पश्चिमेला, सात मैलांवर, पाण्यात आमची पिवळी टाकी तरंगते — तोच बोया. तिथपर्यंत सुकाणू मी एकटीनं धरायचं. भूपेंद्रभाई आमचे तांडेल, म्हणजे लाँचचे कर्तेधर्ते. त्यांच्या हाताखाली मी दीड वर्षं शिकतेय. त्यांनी जागा दाखवणाऱ्या स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि म्हणाले, आज उत्तरेचा प्रवाह, तीन नॉट, म्हणजे तासाला तीन सागरी मैल. मी डोकं चालवलं — उत्तरेचा, म्हणजे उत्तरेकडून येणारा. तो आपल्याला दक्षिणेला ढकलणार. मग नाक जरा उत्तरेलाच धरावं. सरळ पश्चिम म्हणजे २७० अंश; मी होकायंत्रावर २९२ धरलं. काय ती ऐट!

तास झाला. धुक्यात टाकी नाही, काही नाही. भूपेंद्रभाई मागं बसून खाखरा खात होते. शेवटी एका मच्छीमाराला विचारलं. तो हसायला लागला. "बोयो? ए तो दक्षिणमां रही ग्यो, बेन."

परत येताना भूपेंद्रभाईंनी समजावलं. वाऱ्याला नाव तो कुठून येतो त्यावरून. प्रवाहाला नाव तो कुठे जातो त्यावरून. उत्तरेचा प्रवाह उत्तरेलाच नेतो! पाणी मला वर नेत होतं आणि मी वरून त्याला मदत करत होते. पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे. मी त्याखाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारलीय.

२४ तारखेला पुन्हा एकदा. शेवटची संधी. पास तर नोकरी पक्की. नाहीतर आप्पा तयारच आहेत — एप्रिलमध्ये सगळं सामान टेम्पोत, चलो गावी, बेटावदला. तिथे सुकदेवमामानं माझ्यासाठी मुलगाही बघून ठेवलाय. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. फोटोतही हातात नटबोल्ट आहे.

४ फेब्रुवारी

विचार केला. चूक माझी नाहीच. नवागामची आहे, सुरतेतल्या आमच्या खानदेशी वस्तीची.

आमच्या गल्लीत प्रत्येकाला नाव कुठून आला त्यावरून. समोरची नरडाण्याची वहिनी. वरचे दोंडाईचेवाले. सरलाबाईंना त्यांची नातवंडंसुद्धा धरणगाववाली आजी म्हणतात. आप्पांनी अडतीस वर्षं सुरतेत लूम चालवले, पण कोणी कुठले विचारलं की लगेच "आम्ही बेटावदना!" बेटावदला जातात दोन वर्षांतून एकदा, लग्न असलं तर. अशा गल्लीत वाढलेली मुलगी प्रवाहाला दुसरं काय विचारणार?

हे भूपेंद्रभाईंना सांगितलं. म्हणाले, लेखी परीक्षेत हे उत्तर लिहू नकोस.

११ फेब्रुवारी

सराव! संध्याकाळी पाळी सुटली की कारखान्याकडून माणसांचा लोंढा डिंडोलीकडे निघतो. तो आडवा कापून समोरच्या किराणा दुकानाच्या दारात बरोब्बर पोचायचं. पहिल्या खेपेला पानाच्या टपरीवर लागले. दुसऱ्या खेपेला कुणाच्या तरी सायकलवर. मग मायनं ओट्यावरून ओरडून सांगितलं. लहानपणी तिनं पांझरा नदी रोज ओलांडलीय, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन. "पानी जिकडे लई जास, तेना उलट तोंड धर!" दीड वर्षाचं शिक्षण मायनं एका वाक्यात उरकलं.

कारखान्याकडे तोंड केलं, तिरकी चालत राहिले — थेट दुकानाच्या दारात! आप्पा बघत होते. "तोंड तिकडे, चालनी इकडे," म्हणाले. मग मायला म्हणाले, पोरीला गावाकडे न्यायलाच हवं.

२३ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. जेवण गेलं नाही. मला हे काम हवंय. खूप हवंय. इथे लिहिते, कारण घरात म्हटलं तर आप्पा म्हणतील, पाण्यात काय ठेवलंय.

२४ फेब्रुवारी

पास!!

आज ओहोटी, दक्षिणेचा प्रवाह, पुन्हा तीन नॉट. म्हणजे दक्षिणेला नेणारा — तीनदा मोठ्यानं म्हटलं. किती धरलं? २९२! त्या दिवशीचा चुकीचा आकडा आज बरोबर. बोया डावीकडे दिसत होता, नाक भलतीकडे. वाटलं, वळवावं सरळ त्याच्याकडे. नाही वळवलं. बोया आपोआप जवळ आला. इतका की टाकीवरचा बगळा उडाला. भूपेंद्रभाईंनी अर्धा खाखरा दिला.

घरी मायनं शिरा केला. आप्पांनी दोनदा घेतला आणि म्हणाले, चांगलं झालं. पण एप्रिल म्हणजे एप्रिल.

भांडले नाही. रडले मात्र.

६ मार्च

आप्पा बेटावदला गेले. घराचं छप्पर नीट करायला आणि त्या ट्रॅक्टरच्या दुकानवाल्यांशी माझ्या लग्नाचं बोलायला. पंधरा दिवस म्हणालेत.

११ मार्च

आप्पा परत! पाचव्याच दिवशी! पिशवी आपटली, पाणी प्यायले, पंख्याखाली बसले. माय विचारून थकली. जेवताना एकदाचे बोलले. तिथे एकही जण त्यांना भिकन या त्यांच्या नावानं हाक मारेना. पारावर, दुकानात, देवळात, सगळीकडे एकच — "सुरतवाला उना!" सुरतवाला आला म्हणे! दुकानवाल्यांनीही विचारलं, सुरतवाल्यांची मुलगी गावात टिकेल का?

"मी काय सुरतवाला आहे?" असं त्यांनी आम्हालाच विचारलं. मायनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मला हसू आवरेना, म्हणून पाणी आणायला उठले.

छपराचं काय झालं, ते आम्ही विचारलं नाही.

१६ मार्च, रविवार

आज आप्पांना लाँच दाखवायला नेलं. जेटीच्या फाटकावर पास लिहिणाऱ्यानं कुठले ते विचारलं, काका, क्यांना? आप्पांनी "आम्ही बेटा—" एवढंच म्हटलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आम्ही सुरतना." त्यानं मान वर न करता तसं लिहून घेतलं.