कालवणाची मासळी

प्रिय आत्या,

तुला जाऊन वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात तुझी धाकटी होडी विकली. ते तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र.

रागावलीस? आधी ऐकून तर घे.

थोरल्या होडीचं इंजिन गेलं. कुंडलिकेच्या खाडीत मासळी आधीच कमी, डिझेल आणि बर्फ मात्र दरवर्षी महाग. तुझ्या दिलीपच्या हातात पैसा कुठून उरणार! माणगावहून टेम्पो पाठवणारा एक व्यापारी इंजिनासाठी उचल द्यायला तयार झाला. बदल्यात सगळी मासळी त्यालाच, त्याच्या भावाने. दोन्ही होड्यांत बाबांचा अर्धा वाटा आता माझ्याकडे, म्हणून दिलीपने मलाही बोलावलं.

भाव कमी होता, तरी आम्ही कबूल होतो. अडलं ते कालवणावर.

धक्क्यावर मासळी उतरली की लिलावाआधी तू प्रत्येक खलाशाच्या घरची कालवणाची मासळी बाजूला काढायचीस. आजारी पडून घरी बसलेल्याचीसुद्धा. होडी हाकणाऱ्या तांडेल पांडूतात्यांच्या सुनेच्या बाळंतपणात तर तू चक्क जिताडा दिलास! दिलीप केवढा ओरडला होता! "आई, हाटेलवाले ह्याच्यासाठी रांग लावतात!"

"मग त्यांनाच सांग जाळी ओढायला," तू म्हणालीस.

हा व्यापारी म्हणाला, "आधी सगळी मासळी वजनकाट्यावर. कालवण पायजे तर इकत घ्या."

पांडूतात्या शेजारीच जाळं शिवत बसले होते. "मीच धरलेली बोय मीच इकत घेऊ व्हय?" ते म्हणाले. "त्यापरीस वाचमन म्हणून कंपनीच्या गेटावर उभा ऱ्हातो. तितं छत्री तरी फुकट देतात."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मात्र धाकट्या होडीवर एकही खलाशी आला नाही.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. रोख वाटा आपण इतरांपेक्षा कधीच जास्त दिला नाही. तरी ऐन मोसमात बाकीचे होडीमालक नाखवे माणसं शोधत गावोगाव फिरायचे आणि आपल्या होड्या खाडीत असायच्या. दिलीप ज्याला दान समजायचा, तो खलाशांच्या लेखी पगार होता. जाळ्यात थोडकीच मासळी आली तरी त्यांच्या घरी कालवण शिजायचं. हे तू त्याला कधी समजावलंस का नाहीस, आत्या? नुसतं दटावलंस. तो तुला शेवटपर्यंत उधळी समजत राहिला.

मी हट्टाने व्यापाऱ्याला नाही म्हटलं. धाकटी होडी किहीमच्या एकाने घेतली, पर्यटकांना फिरवायला. त्या पैशांतून इंजिन आलं. तू दर नारळी पौर्णिमेला पुजलेली होडी. सही करून आल्यावर दिलीप माझ्याशी बोलला नाही. एका होडीवर दोन घरं कशी चालतील, ते मलाही ठाऊक नाही.

आज पांडूतात्या माणसं घेऊन आले. दुपारी होडी लागली. मासळी बेताचीच. मग दिलीप उकिडवा बसला आणि एकेकाचं कालवण काढू लागला. हाताला सवय नाही, तात्यांच्या पाटीत दोन बोया जास्तच पडल्या.

"अरं, आईच्या वर गेलास की!" तात्या म्हणाले.

दिलीपने त्या परत काढल्या नाहीत.

माझा अर्धा वाटा आहे तोवर हे असंच चालेल, आत्या. काटा थांबेल थोडा.

तुझा भाचा,
सुधीर